खंडेनवमीला उघडं राहिलेलं दुकान

नागसेनबद्दल कुणी विचारायला आलं की मी आधी त्यालाच उलटं विचारायचो, तुम्हाला कशाला पाहिजे? मध्ये काही वर्षं असे लोक यायचे, चहा घ्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि जाता जाता हळूच म्हणायचे, "आण्णा, त्या सायलेन्सरवाल्याचं ते गाडीचं प्रकरण नेमकं काय ओ?" मी लेथ चालू करायचो. लेथ चालू असला की माणूस फार वेळ प्रश्न विचारत बसत नाही. आता कुणी येत नाही, म्हणून आपणहून सांगतो. त्यात माझीही बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं टर्निंगचं दुकान. १९९१ साली शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नागसेन आला. मूळचा पेठ वडगावचा, आयटीआय केलेला वेल्डर. दारावर पाटी लावली, 'दीक्षा सायलेन्सर वर्क्स'. दीक्षा म्हणजे त्याची मुलगी, तेव्हा सहा महिन्यांची होती. बायको मीनाबाई दुपारी डबा घेऊन यायची आणि पोरीला माझ्या स्टुलावर बसवून दोघं जेवायची. पोरीनं माझं मापाचं कॅलिपर दोनदा चघळलं, पण ते असो.

माणूस इतका हळू बोलणारा की समोर बसून ऐकावं लागायचं. मी म्हणायचो, "मर्दा, तुला पण कुणी सायलेन्सर बसवलाय काय?" तो हसायचा, ते पण आवाज न करता. पण काम बघावं तर त्याचं. गाडी चालू करायला सांगायचा, मागं उकिडवा बसायचा आणि नळीच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर तळहात धरायचा. धूर हाताला ढकलतोय की ठोकतोय, एवढ्यावरून आतली कुठली जाळी फुटली ते सांगायचा. फोडून बघितलं की तीच फुटलेली असायची. त्याच्या उजव्या तळहाताचा रंग कायमचा काळपट झाला होता. मीनाबाई म्हणायची, हळदीच्या दिवशी पण तो हात गोरा झाला नव्हता.

उद्यमनगराची सुट्टी सोमवारी. पण वर्षातला खरा बंद म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी आम्ही मशीन धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूच्या माळा घालतो आणि हत्याराला हात लावत नाही. साधा पाना उचलायचा नाही. गाड्याही सगळ्या धुऊन, हार घालून उभ्या. सगळ्या उद्यमनगरात त्या दिवशी एकच दुकान उघडं असायचं, ते नागसेनचं. तो बौद्ध. त्याचा सण दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला. तेव्हा पांढरे कपडे घालून तिघंही बिंदू चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला जायची. खंडेनवमीला अडलेला ट्रकवाला, टेम्पोवाला फिरून फिरून त्याच्याच दारात यायचा. "तुमची हत्यारं झोपत्यात आण्णा, माझी जागी असत्यात," असं तो म्हणायचा. मला राग नाही यायचा. मी आपला त्याच्या बाकावर बसून चहा पीत दिवस काढायचो.

१९९९ च्या उन्हाळ्यात धैर्यशील आला. हंबीररावांचा मुलगा. नागसेनची शेड ज्या जागेवर उभी होती ती जागा हंबीररावांची, आणि त्यांच्या शब्दावर आमच्या गल्लीतलं पान हलायचं. पोरगं वाईट नव्हतं. वयानं बावीस, हसरं, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करणारं. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्ही त्याला सिनेमातला खलनायक समजाल आणि आम्हाला सोपं होऊन जाईल. त्याच्याकडे नवी लाल लान्सर होती. म्हणाला, "नागसेनमामा, गाडी हायवेला वाघागत वरडाय पाहिजे. पण घराच्या फाटकात शिरताना आवाज बंद. पप्पांना कळाय नको."

कोणीही म्हणालं असतं, एक काय ते ठरव. नागसेननं तिसऱ्या दिवशी खडूनं फरशीवर आकृती काढली. सायलेन्सरच्या आधी नळीला फाटा काढायचा. त्या फाट्यात एक गोल झाकण बसवायचं, म्हणजे व्हॉल. झाकण बंद असलं की धूर सरळ सायलेन्सरातून जाईल, गाडी गरीब. झाकण उघडलं की धूर परस्पर बाहेर, गाडी वाघ. झाकणाला तार बांधायची आणि तारेची मूठ ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूला. ओढली की आवाज, ढकलली की गप्प.

झाकण त्यानं भंगारातल्या कार्बोरेटरचं घेतलं, ते ज्यावर फिरतं ती दांडी मी लेथवर करून दिली. पहिली पितळेची केली ती तापून फुगली आणि जागेवर धरली. मग स्टीलची केली आणि पुन्हा धरू नये म्हणून जरा सैल ठेवली. त्या सैलपणामुळं एक गंमत झाली. मूठ ओढली की झाकण उघडताना क्षणभर नळीत खडखडायचं, आणि मग आवाज फुटायचा. खर्रर्र, आणि मग भांऽऽ. मी म्हणालो, थांब, दांडीला घट्ट बुश टाकून ते खडखडणं घालवतो. धैर्यशील म्हणाला, "नको नको आण्णा, तेच भारी हाय. वाघ घसा खाकरतोय बघा." तसंच ठेवलं. नंतर नागसेननं आणखी सातआठ गाड्यांना व्हॉल बसवले, पण त्यांना बुश टाकले. घसा खाकरणारी गाडी कोल्हापुरात एकच होती.

नागसेनला त्या कामाचा अभिमान होता. ती गाडी हायवेवरून जाताना ऐकू आली की तो हातातलं वेल्डिंग थांबवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मीही मान हलवायचो. आम्ही दोघंही चाळिशीच्या आसपासची माणसं, पण सांगायला लाज नाही, बरं वाटायचं.

मग २००२ ची खंडेनवमी. सकाळी नऊ वाजता मी पूजा आटपून नागसेनच्या बाकावर बसलो होतो. धैर्यशील लान्सर घेऊन आला. गाडी लख्ख धुतलेली, पुढं झेंडूचा हा जाडजूड हार, बंपरपासून बॉनेटवर चढवलेला. त्या दिवशी गावातली प्रत्येक गाडी तशीच होती. तो म्हणाला, "मामा, व्हॉल काढा. गाडी कंपनीतनं आल्यागत करून द्या. पप्पांना कुणीतरी सांगटलंय, पूजेला त्यांच्याम्होरं उभी करायची हाय."

नागसेननं विचारलं, "आत्ताच?"

"आत्ताच. दुसरं कोण उघडं हाय आज?"

नागसेन गाडीखाली गेला. फाटा कापला, सरळ नळी जोडली. जोडावर बसायची एक कॉलर लेथवर टर्न करून पाहिजे होती. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, "आज न्हाय बाबा." मग त्यानं ती कानशीनं हातानंच घासून बसवली. तासाभरात काम झालं. गाडी चालू केली तर मांजरासारखी. धैर्यशीलनं चहा घेतला नाही. काढलेला व्हॉल मात्र मागून घेतला, पेपरात गुंडाळला आणि सीटखाली ठेवला. "आठवण राहू दे," म्हणाला. त्याच्या कपाळाला घाम होता. ऑक्टोबरचं ऊन आहे, असं मला वाटलं.

त्याच दिवशी पहाटे वारणानगरच्या रस्त्याला, एका वाडीच्या वळणावर आकाराम नावाचा माणूस गाडीच्या धडकेनं मेला होता. दोन म्हशी पाळून होता, सायकलवर किटली लावून दूध संस्थेला निघाला होता. पेपरात चार ओळी आल्या, अज्ञात वाहन म्हणून. आम्ही त्या वाचल्याही नाहीत. आठ दिवसांनी लाल लान्सर पोलिसांनी तपासायला नेल्याची बातमी आली, तेव्हा नागसेन पेपर घेऊन माझ्या दुकानात आला. वाडीच्या फाट्यावरच्या चहावाल्यानं त्या पहाटे लाल गाडी बघितली होती. नंबर त्याला दिसला नव्हता.

"आण्णा," तो म्हणाला, "आपण व्हॉल काढला तो त्याच सकाळी."

मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द सांगतो. मी म्हणालो, "आपण न्हाय. तू. मी हत्याराला हात लावला न्हाय." आणि वर म्हणालो, "गप बस. हंबीररावांच्या जाग्यावरचा त्यो पत्रा हाय म्हणून पोरीचं पोट भरतंय."

तो गप बसला. तसाही तो गप बसणाराच माणूस, आणि मी त्याला तेच सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती बाई आली. झुंबरबाई, आकारामची बायको. तिशीतली, उन्हानं रापलेली, हातात कापडी पिशवी. पोलिसांनी गाडी तपासली होती. बंपर नवा होता, कुत्रं आडवं आलं म्हणून बदलला असं सांगितलं होतं. गाडी पुन्हा पुन्हा चालू करून बघितली होती आणि आवाज कंपनीचाच होता. बाईकडं सांगायला एकच गोष्ट होती, तो आवाज. आठवड्यातून दोनतीनदा पहाटे ती गाडी वाडीवरून जायची आणि हिला गोठ्यात ऐकू यायची. त्या पहाटेही तीच होती. सरकारी वकील म्हणाले, असा आवाज करता येतो असं सांगणारा कोणी तरी आण. म्हणून ती उद्यमनगरात दुकान दुकान फिरत होती.

नागसेनच्या दारात ती उभी राहिली. मी तिथंच होतो.

"पावणं, गाडीला आवाज तुमी बसवता काय?"

"कसला आवाज?" नागसेन म्हणाला.

तिनं पिशवी खाली ठेवली. पदर सावरला आणि तोंडानं आवाज काढून दाखवला. आधी हूंऽ असा बारीक. मग घशातून खर्रर्र. मग भांऽऽ. आणि मग एकदम गप्प. त्यातला खर्रर्र तंतोतंत होता. मी केलेली दांडी ती बाई तोंडानं वाजवत होती.

पलीकडच्या दुकानातली दोन माणसं हसली. नागसेन हसला नाही. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"न्हाय आक्का," तो म्हणाला. "असं काय हितं हुत न्हाय."

"हुतच न्हाय?"

"न्हाय."

तिनं पिशवी उचलली. "सगळी हेच म्हंत्यात," म्हणाली आणि पुढच्या दुकानाकडे गेली. तिथंही तिनं तो आवाज काढला. तिच्या मागून गल्लीभर तो आवाज ऐकू येत राहिला, आणि त्याच्या मागून हसणं.

२००४ मध्ये निकाल लागला. पुराव्याअभावी धैर्यशील सुटला. त्याच्या वकिलानं बाईला भर कोर्टात तो आवाज काढायला लावला होता म्हणे, आणि लोक पोट धरून हसले होते. वाडीत तिचं नाव 'गाडीबाई' पडलं. सासू धोंडुबाई तिच्याशी बोलेना. माझ्या पोराच्या मरणाचा तमाशा केलास, म्हणाली.

नागसेननं मोठ्या आवाजाची कामं घेणं बंद केलं. बुलेटवाली पोरं आली की म्हणायचा, फुटका असला तर जोडतो, फोडायला मी न्हाय. धंदा निम्म्यावर आला. तळहात नळीसमोर धरून बसायचा तो बसूनच राहायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "झालं न्हवं?" मग उठायचा. एके दिवशी मीनाबाई माझ्याकडे आली. म्हणाली, "आण्णा, ह्यास्नी काय झालंय? विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला गप्प हुत्यात. वरीस झालं, मी शेजारी बसून ऐकतोय. तीन म्हणत्यात, पाचवं म्हणत्यात, चौथं न्हाय."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मला ते माहीत नव्हतं, तिनंच सांगितलं. मी म्हणालो, घसा धरला असेल. म्हणजे आणखी एक खोटं झालं, आणि तेही मी बोललो.

२००५ च्या डिसेंबरात नागसेन वकिलाकडे जाऊन आला. वकील म्हणाला, निकाल होऊन दीड वर्ष झालं, व्हॉल हातात नाही, आता बोललास तर तूच अडकशील, बाईला काही मिळणार नाही. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. नागसेन म्हणाला, "कोर्टाचं ऱ्हाऊ दे. तिला तर सांगाय पाहिजे." मी म्हणालो, "सांगून काय हुतंय?" तो त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "ती खुळी न्हाय एवढं तरी तिला कळू दे की आण्णा." मग मी माझी जुनी एम-एट्टी, बजाजची दुचाकी, काढली. त्याला एकट्याला पाठवायची तेवढी तरी लाज वाटली मला.

वाडीवर पोचलो तेव्हा दुपारची वेळ होती. झुंबरबाई अंगणात कडबा तोडत होती. धोंडुबाई उंबऱ्याजवळ पाठ टेकून बसली होती, आमच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. झुंबरबाईनं आम्हाला लगेच ओळखलं. "तुमी ते उद्यमनगरातलं," म्हणाली.

नागसेन खाली, मातीतच बसला. सगळं सांगितलं. फाटा, झाकण, तार, मूठ. खंडेनवमीची सकाळ, हार घातलेली गाडी. तिच्या तोंडावर 'न्हाय' म्हणाला होता तेही. माझं नाव त्यानं घेतलं नाही, म्हणून मग मीच सांगितलं, दांडी मी केली होती आणि गप बस मी म्हणालो होतो.

तिनं विळा खाली टाकला, कडबा हातातच राहिला.

"म्हंजी आवाज खरा हुता," ती म्हणाली.

"व्हय आक्का. तुमी काढून दावला तसाच. जरा पण फरक न्हाय."

"आत्तीकडं बघून सांगा."

नागसेन धोंडुबाईकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा आवाज मोठा झालेला ऐकला. "आज्जी, तुमची सून खरं सांगत हुती. खोटं मी बोललो."

झुंबरबाई खाली बसली. मला वाटलं आता रडेल, शिव्या देईल, चार लोक गोळा करेल. आम्ही त्याला तयार होतो. पण ती कसला तरी विचार करत होती.

"एक सांगा," ती म्हणाली. "मग ती गाडी गप्प कशी झाली? आदी वरडली, आन मग एकदम गप्प."

"मूठ ढकलली की झाकण बसतंय," नागसेन म्हणाला. "गाडी गप्प हुती."

"आपोआप?"

"न्हाय. हातानं ढकलाय लागती."

"म्हंजी त्यानं ढकलली. धडकल्यावर."

नागसेननं मान हलवली.

ती गोठ्याकडे बघत बोलायला लागली, आमच्याशी नाही. "किटली पडल्याली मला ऐकू आलती. मी म्हशीखाली हुतो. पण लगीच गाडी गप्प झाली, म्हणून मला वाटलं थांबली. कोण तरी उतरलं असंल, ह्यास्नी उठवत असंल, किटली भरून देत असंल. गाडी वरडत गेली असती तर मी पळालो असतो की. धार अर्धी हुती. मधीच उठलं तर म्हस पान्हा चोरती." ती थांबली. "मी धार पुरी केली. बादली आत ठेवली. मग गेलो. तवा जित्तं हुतं ते. माझा हात धरला. डॉक्टर म्हणालं, जरा आदी आणाय पाहिजे हुतं."

नागसेननं दोन्ही हात जोडलेले होते, ते तसेच राहिले. तिनं तीन वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. कोर्टातही नाही, घरातही नाही.

धोंडुबाई भिंतीला धरून उठली, हळूहळू अंगण ओलांडून आली आणि सुनेला चिकटून मातीत बसली. तिच्या हातातला कडबा काढून घेऊन बाजूला ठेवला. आम्हाला कुणी बसा म्हणालं नाही, की जा म्हणालं नाही.